हवामान बदल: नेत्यांची भाषा आणि तळेघरचे डोंगर

मंचरहून भीमाशंकरला जाणारा रस्ता घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून वर चढला की तळेघरचा परिसर लागतो. आंबेगाव तालुका एकच असला तरी त्याचे दोन मुलूख आहेत. पूर्वेला मंचरकडे कांदा, बटाटा, ऊस आणि मोठी बाजार समिती आहे. पश्चिमेला तळेघर, आहुपे, माळीण या बाजूला भातखाचरे, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडे. शेजारच्या जुन्नर तालुक्याचा पश्चिम भागही असाच. इथले बहुतेक लोक महादेव कोळी समाजाचे. जगाच्या तापमानवाढीत या गावांचा वाटा शोधायला गेले तर हाती काहीच लागणार नाही. तिचे तडाखे मात्र इथे लवकर आणि जोरात बसतात, कारण शेती पावसावर आणि घरे उतारावर आहेत. म्हणूनच आपले राज्यकर्ते हवामान बदलाबद्दल कोणत्या भाषेत बोलतात, हे पारखायला तळेघरसारखी जागा नाही. नेते या विषयावर बोलतच नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. ते बोलतात, पुष्कळ बोलतात. पाहायचे ते हे की त्या बोलण्यातून कोणावर कसली जबाबदारी येते. माझे म्हणणे असे की आपल्याकडे हवामानाविषयी तीन वेगवेगळ्या भाषा चालतात: एक जागतिक परिषदेची, दुसरी दुर्घटनेच्या जागी उभे राहून बोलायची आणि तिसरी शासन निर्णयाची. पहिल्या दोन भाषांत हवामान बदल हा शब्द सढळपणे येतो. तिसरीत तो जवळजवळ नाहीच, आणि गावाच्या पदरात काय पडणार हे तर तिसरीच ठरवते.

आधी परिषदेची भाषा. 1972 साली स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी हेच मोठे प्रदूषण नव्हे काय, असा प्रश्न श्रीमंत जगाला विचारला आणि भारताच्या भूमिकेचा पाया घातला. 1992च्या रिओ परिषदेत हेच सूत्र ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ या तत्त्वात आले. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती केली त्यांच्यावर अधिक भार यावा, यात अन्याय्य काही नाही. आजही सरासरी भारतीयाच्या वाट्याला येणारे कार्बन उत्सर्जन सरासरी अमेरिकनाच्या कित्येक पट कमी आहे. 1 नोव्हेंबर 2021 रोजी ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘पंचामृत’ या नावाने पाच उद्दिष्टे जाहीर केली. त्यांत 2030 पर्यंत जीवाश्म इंधनाव्यतिरिक्त 500 गिगावॉट वीजक्षमता होती आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन होते. पुढे त्याच परिषदेच्या अंतिम मसुद्यात कोळसा ‘संपवण्या’ऐवजी ‘कमी करण्या’चा उल्लेख यावा, असा आग्रह भारताने धरला आणि तो मान्य झाला. एवढ्याशा त्या शब्दबदलावर जगभरच्या मंत्र्यांत ताणाताणी झाली. परिषदेच्या भाषेत प्रत्येक शब्द तोलून वापरतात, कारण त्यातून देशांवर बंधन येते, निदान दडपण तरी येते, हे सगळे जाणतात. शब्दाला किंमत असते हे आपल्या नेत्यांना चांगले ठाऊक आहे, हा धडा इथून घ्यावा.

अमेरिकेत हा व्यवहार आणखी उघड झाला. 2002 साली रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुन्ट्झ यांनी एका टिपणात सुचवले की ‘जागतिक तापमानवाढ’ म्हणण्यापेक्षा ‘हवामान बदल’ म्हणावे, कारण ते कमी भयावह वाटते. त्याच देशाच्या अध्यक्षांनी सप्टेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून या सगळ्याला जगातली सर्वांत मोठी फसवणूक म्हटले. महाराष्ट्रात अशी नकाराची भाषा कुठला मोठा पक्ष वापरत नाही, आणि ही खरोखर जमेची बाजू आहे. आदित्य ठाकरे पर्यावरणमंत्री असताना खात्याच्या नावातच ‘वातावरणीय बदल’ आले. 2020 साली ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. मार्च 2022 मध्ये मुंबईचा स्वतंत्र हवामान कृती आराखडा आला. सरकारे बदलली तरी नाव आणि अभियान टिकले. मग अडते कुठे? अडते ते मुंबई-पुण्याच्या सभागृहातली भाषा घाट चढून वर येते तेव्हा.

30 जुलै 2014 रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर आला. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली आणि 151 माणसे मेली. बाहेरच्या जगाला ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती एसटी बसमुळे: नेहमीच्या रस्त्याने आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना. त्यानंतर मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले, केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह आले, मदत जाहीर झाली. अशा जागी बोलली जाणारी भाषा आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे: निसर्गाचा कोप, न भूतो असा पाऊस, ढगफुटी, दुर्दैवी घटना. शोकाच्या वेळी कोणी आकडेवारी मांडत बसावे अशी अपेक्षा नाही. दुःखात सांत्वनाचेच शब्द हवेत. पण या भाषेचे व्याकरण पाहा. दरड कोसळते, पूल वाहून जातो, घरे गाडली जातात. प्रत्येक वाक्यात घडणे आहे, करणारा कोणी नाही. ढगफुटी म्हणजे हवामान खात्याच्या मोजणीनुसार लहानशा क्षेत्रात तासाभरात सुमारे 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. माळीणच्या आदल्या दिवशी त्या भागात दिवसभरात 108 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाल्याचे तेव्हा छापून आले होते. हवामान खात्याच्या वर्गवारीत हा ‘जोरदार’ पाऊस, ‘अतिजोरदार’ही नाही. घाटमाथ्याला तर असा पाऊस नवा नाही. म्हणजे नुसत्या आकाशाकडे बोट दाखवून भागणार नव्हते; जमिनीकडे पाहावे लागणार होते.

जमिनीकडे पाहिले गेले, आणि तिथे दुसराच प्रकार झाला. चर्चा लगेच पडकईवर आली. पडकई म्हणजे उतारावर दगड-माती रचून भाताची खाचरे काढण्याची या भागातली जुनी रीत. माणसे एकमेकांच्या शेतावर राबून ती काढत. पुढे सरकारी योजनांमधून तेच काम यंत्राने होऊ लागले. यंत्राने उतार कापला की पाणी मुरण्याच्या वाटा बदलतात, हे खरे, आणि तज्ज्ञांनी ते मांडलेही. मात्र सार्वजनिक बोलण्यात एकदम ‘आदिवासींनी डोंगर पोखरला’ असा सूर उमटला. योजना कोणाची, यंत्राला परवानगी कोणाची, उताराची तपासणी कोणी करायची, हे प्रश्न मागे पडले. म्हणजे जोवर दोष आभाळाचा तोवर वाक्याला कर्ता नव्हता, आणि कर्ता सापडला तेव्हा तो सगळ्यांत दुबळा निघाला. घटनेला सव्वा महिना होतो न होतो तोच, 5 सप्टेंबर 2014 रोजी, शिक्षक दिनी मुलांशी बोलताना पंतप्रधानांनी सांगितले की हवामान बदललेले नाही, आपण बदललो आहोत, आपल्या सवयी बिघडल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी थंडी जास्त वाटू लागते, तो त्यांच्या सहनशक्तीतला फरक, असे उदाहरणही त्यांनी दिले. याच नेत्याने गुजरातचे मुख्यमंत्री असताना हवामान बदलावर पुस्तक लिहिले होते आणि सात वर्षांनी ग्लासगोत पंचामृत मांडले. हा अज्ञानाचा प्रश्न नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. श्रोता बदलला की भाषा बदलते, आणि घरच्या श्रोत्यासमोर विषय सवयींवर येतो.

सवयींची ही भाषा पुढे ‘पर्यावरणपूरक जीवनशैली’ या मोहिमेतून अधिकृत झाली. पाणी जपा, वीज वाचवा, सायकल वापरा, झाड लावा. यातली एकही गोष्ट वाईट नाही. आपण सगळे मिळून दोषी आणि आपण सगळे मिळून उपाय, ही त्यामागची कल्पना मात्र तळेघरमध्ये उभी राहत नाही. पुण्यात वातानुकूलित घरात राहून दोन गाड्या वापरणारे कुटुंब आणि खाचरात गुडघाभर चिखलात लावणी करणारे कुटुंब यांना एकाच ‘आपण’मध्ये बसवायचे कसे? भारत परदेशात जे सूत्र लढून मांडतो, जबाबदारी समान पण वाटा वेगवेगळा, तेच सूत्र देशाच्या आत, जिल्ह्याच्या आत लागू व्हायला नको का? तळेघरचे पुण्याशी नाते भारताच्या श्रीमंत जगाशी असलेल्या नात्यासारखेच आहे. ग्लासगोत अभिमानाने उच्चारलेला न्याय घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात उच्चारला जात नाही, ही माझ्या मते आपल्या राजकीय भाषेतली सर्वांत मोठी विसंगती आहे. हा दोष कोणा एका पक्षाचा नाही. 2014 पासून राज्यात सर्व प्रमुख पक्ष सत्तेत येऊन गेले आहेत.

आता तिसरी भाषा, शासन निर्णयाची. ती रुक्ष असते आणि वर्तमानपत्रात तिला मथळा मिळत नाही, पण गावाला काय मिळणार ते तिथल्या शब्दांवर ठरते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, मग पंचनामा, मग मदत. रोज 50 मिलिमीटर पाऊस दहा दिवस पडून पीक सडले तर काय? बराच काळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. 2023 साली राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली, तेव्हा कुठे वाट निघाली. 2018च्या ऑक्टोबरात राज्यात आधी ‘दुष्काळसदृश’ आणि मग आठवड्याभरातच 151 तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला. ‘सदृश’ गळून पडले आणि कर्जवसुली, परीक्षा शुल्क, वीजबिल यांतल्या सवलतींचे दार उघडले. 2025च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला आणि ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा अशी मागणी झाली, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की नियमावलीत अशी संज्ञाच नाही, सवलती मात्र दुष्काळाच्या देऊ. त्या सवलती दिल्या ही चांगली गोष्ट. पण पाऊस बदलला आणि नियमावली बदलली नाही, हेही त्यातून दिसले.

तळेघरला याचा सर्वांत बोचरा अनुभव हिरड्याने दिला. या पट्ट्यात भात आणि नाचणी घरी खायला. रोख पैसा येतो तो हिरड्यातून. कोवळे फळ तोडून वाळवले की बाळहिरडा होतो. औषधासाठी त्याला मागणी असते, आणि व्यापारी किंवा आदिवासी विकास महामंडळ तो घेते. पोरांची फी, लग्नाचा खर्च, दुकानाची उधारी या पैशावर निभावते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि सह्याद्री ओलांडून जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातून गेले. घरांची छपरे उडाली, हिरड्याची जुनी झाडे मोडली, फळ मातीत गेले. कोकणात आंबा, काजू, सुपारीच्या नुकसानीला नाव होते. हिरड्याचे नाव निकषांत कुठे होते? हिरडा शेतात पेरत नाहीत, तो फळबागेत मोडत नाही, तो वनोपज. म्हणजे पिकाच्या रकान्यात त्याला जागा नाही. भरपाईचा प्रश्न काही वर्षे रेंगाळला, लोकांना आंदोलने करावी लागली आणि अखेर निर्णय मंत्रिमंडळापर्यंत न्यावा लागला. अरबी समुद्र तापतो आहे, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर तीव्र वादळांचा धोका वाढतो आहे, हे वाक्य त्या काळात अनेक नेत्यांच्या तोंडी होते. ते खरेही होते. त्या वाक्याचा आणि हिरड्याच्या रकान्याचा सांधा मात्र कोणी जोडला नाही.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप शास्त्राच्या बाजूने येईल. एखादी दरड किंवा एखादे वादळ हवामान बदलामुळेच आले असे सांगता येत नाही. मग नेत्यांनी ठाम बोलावे तरी कसे? आक्षेपात तथ्य आहे. माळीण केवळ तापमानवाढीने घडले असे म्हणणे चूकच होईल. पण शास्त्र इतके मुकेही नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र आहे. पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, दूरवर पसरणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामुळे नेत्याने म्हणावे ते एवढेच: मुसळधार पावसाचे दिवस वाढणार, हा भाग आभाळाचा, उतारावरची घरे, रस्त्याची कापणी, निचऱ्याचे मार्ग हा भाग आमचा, आणि त्याचे काम अमुक खाते अमुक तारखेपर्यंत करेल. हे बोलण्यासाठी शास्त्राची कसली अडचण नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. हवामान बदलाचे नाव जितके घ्याल तितकी स्थानिक चुकांवर पांघरूण घालण्याची सोय होईल, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह सापडले, 57 जण सापडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी फडणवीस यांनी, तेव्हा ते उपमुख्यमंत्री होते, विधानसभेत सांगितले की तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. निवेदन खरे होते, आणि नेमके त्यामुळे ते अस्वस्थ करते. पाऊस बदलतो आहे हे सरकार मानते, तर जुन्या पावसाच्या अनुभवावर केलेली यादी पुरी कशी मानता येईल? ‘यादीत नव्हते’ हे वाक्य सुटकेचे नसून यादी कालबाह्य झाल्याच्या कबुलीचे आहे. हवामान बदलाचे नाव घ्यायचे तर ते यादी नव्याने करण्यासाठी घ्यावे. सबब म्हणून घेतलेले नाव आणि कारण म्हणून घेतलेले नाव यांतला फरक ओळखणे अवघड नाही: नावामागून काम, तारीख आणि पैसा आला की ते कारण.

‘हरित’ या शब्दाबाबतही हीच सावधगिरी हवी. भीमाशंकरच्या दक्षिणेला खेड तालुक्यातल्या डोंगरमाथ्यावर पवनऊर्जेचा मोठा प्रकल्प आला. स्वच्छ वीज म्हणून त्याचे स्वागत झाले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011च्या अहवालात त्याच प्रकल्पासाठी झालेली जंगलतोड आणि डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांमुळे खालच्या शेतांत उतरणारा राडारोडा नोंदवला. पवनचक्क्या वाईट असे मी म्हणत नाही. राज्याला त्या हव्यातच. पण जागतिक तापमान रोखण्याचे काम आणि खालच्या खाचरात माती न येऊ देण्याचे काम ही एकाच विषयाची दोन टोके आहेत. नेते पहिल्याचे श्रेय घेतात आणि दुसऱ्याला ‘स्थानिक प्रश्न’ म्हणतात. गाडगीळ अहवालाचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. त्याला ‘विकासविरोधी’ हे विशेषण चिकटवले गेले, मग कस्तुरीरंगन समिती आली, तिने संवेदनशील क्षेत्र आकसून 60 हजार चौरस किलोमीटरच्या आत आणले, तरी राज्ये गावे वगळण्याचा आग्रह धरत राहिली. 2014 पासून केंद्राने प्रारूप अधिसूचना काढायच्या, मुदत संपली की पुन्हा काढायच्या, असे चालले. 30 जुलै 2024 रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो लोक मेले. दुसऱ्या दिवशी सहावे प्रारूप निघाले.

लोक यावर मते देत नाहीत, मग नेते कशाला बोलतील, हा शेवटचा आक्षेप. मला तो पटत नाही. हवामान बदल या नावावर तळेघर मत देत नसेल. पण हिरड्याची भरपाई, अवकाळीत गेलेला भात, माळीणनंतर पुणे जिल्ह्यात धोकादायक ठरवलेल्या वीसहून अधिक गावांचे रखडलेले प्रश्न, यांवर लोक मोर्चे काढतात आणि मतेही देतात. हेच इथले हवामानाचे राजकारण आहे. त्याला मोठ्या विषयाचे नाव मिळालेले नाही, म्हणून ते दर वेळी तुकड्या-तुकड्याने, एकेका अर्जाने, एकेका ‘विशेष बाबी’ने सोडवावे लागते. नव्या माळीणचे लोकार्पण 2 एप्रिल 2017 रोजी झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे जमीन खचल्याच्या, तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. पुनर्वसन झाले हे खरे, पण पुढच्या पावसाचा विचार करून बांधायचे ही शिस्त कागदावर सक्तीची नव्हती.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेची अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणजे पेसा कायद्याने ग्रामसभेला इथे जादा अधिकार आहेत. येत्या मेमध्ये मान्सूनपूर्व आढावा बैठका होतील, तेव्हा तीन गोष्टी ग्रामसभेच्या ठरावाने मागा: दरडप्रवण गावांची यादी गेल्या वीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन नव्याने करावी आणि गावात जाहीर वाचून दाखवावी; हिरड्यासारख्या वनोपजाचे नाव नुकसानीच्या निकषांत कायमचे घालावे; आणि उतारावर यंत्र चालवणाऱ्या प्रत्येक कामाआधी भूगर्भतज्ज्ञाची लेखी तपासणी असावी. आणि पाहणीला आलेला नेता, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, हवामान बदलाचे नाव घेईल, तेव्हा त्याला विचारा की हे तुम्ही शासन निर्णयात कधी लिहिणार.